रीफ टँकमधील कृमी: कोणते राहू द्यावेत, कोणते काढावेत आणि त्यासाठी कोणता मासा आणावा

रीफ टँकचे, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचे, दिवे बंद होऊन दीड-दोन तास उलटले, की टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावावा, खोलीतील इतर दिवे मालवावेत आणि टँकसमोर शांतपणे बसावे. पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही. मग खडकाच्या एखाद्या भोकातून गुलाबी-करड्या रंगाचे, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांची झालर असलेले काहीतरी बोटभर बाहेर येते, वाळूवर पडलेला खाद्याचा दाणा चाचपते आणि दाण्यासकट मागे सरकते. या छंदात नव्याने पडलेल्या माणसाची त्या रात्री झोप उडते. दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन ‘किडे खाणारा मासा’ मागतो, दुकानदार एक मासा बांधून देतो, आणि दोन महिन्यांनी पाहावे तर कृमी होते तेवढेच आहेत, पण कोळंब्या, गोगलगायी आणि एक-दोन लहान मासे मात्र नाहीसे झालेले आहेत.

या लेखातील क्रम नेमका याच्या उलट आहे. आधी ओळख, मग खाद्याचा हिशेब, मग हाताने काढणे, त्यानंतर गरज असेल तरच औषध, आणि मासा सर्वांत शेवटी. मासा म्हणजे औषधाची बाटली नव्हे. तो पुढची कित्येक वर्षे त्या टँकमध्ये राहणार असतो, आणि मुंबईत घरात भाडेकरू ठेवताना आपण जेवढी चौकशी करतो तेवढी तरी त्याची करायला हवी.

खडकाबद्दल आधी

कृमी टँकमध्ये हवेतून येत नाहीत. ते खडकातून, वाळूतून, कोरलच्या (प्रवाळाच्या) बुंध्याखालून आणि गोगलगायींच्या कवचावरून येतात; त्यातही समुद्रातून काढलेला खडक हा त्यांचा सर्वांत मोठा मार्ग. येथे आपल्याकडचा कायदा आणि टँकचे आरोग्य एकाच बाजूला उभे आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन यांचा समावेश आहे. समुद्रकाकड्याही त्याच यादीत आहेत. प्रवाळाच्या सांगाड्याचा समुद्रातून काढलेला खडक विकत घेणे म्हणजे त्याच कलमांच्या तावडीत सापडणे होय. म्हणून मुंबईतील टँक हा ड्राय रॉकवर (कोरड्या, निर्जीव खडकावर) किंवा सिरॅमिक खडकावर उभारलेला आणि मशरूम, झोअँथिड, लेदर, झीनिया अशा सॉफ्ट कोरलचा, म्हणजे कठीण सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांचा, असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोरडा खडक जिवंत होण्यास तीन-चार महिने जास्त लागतात, पण त्यातून अनोळखी पाहुणे येत नाहीत.

हाजीअलीच्या किंवा मरीन ड्राइव्हच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी फिरताना झोअँथिडचे हिरवट गालिचे आणि लहान प्रवाळ आजही दिसतात. कोस्टल रोडच्या कामाआधी २०२० मध्ये हाजीअली आणि वरळी येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावरही प्रवाळ असतात हे अनेकांना पहिल्यांदा कळले. तेथील एखादा दगड ‘शोभेला’ म्हणून घरी आणण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय त्या दगडाबरोबर सांडपाण्याचा अंश आणि खडकात घर केलेले किमान डझनभर कृमी टँकमध्ये येतात.

ओळख: घाबरण्यासारखे थोडे, ओळखण्यासारखे बरेच

रात्री दिसणारा तो केसाळ किडा बहुतेक वेळा साधा ब्रिसलवर्म असतो. तो उरलेले खाद्य, मेलेले जीव आणि माशांची विष्ठा खातो, खडकाच्या ज्या फटीत आपली सफाईची नळी पोहोचत नाही तेथे पोहोचतो आणि कोणत्याही जिवंत कोरलला हात लावत नाही. सकाळी मेलेल्या माशाभोवती ब्रिसलवर्म जमलेले दिसले, की ‘यांनीच मासा मारला’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात मासा आधी मेलेला असतो आणि ते प्रेताची विल्हेवाट लावायला आलेले असतात. त्यांचा खरा त्रास एवढाच, की त्यांचे केस काचेच्या धाग्यासारखे बोटात मोडतात आणि दिवसभर आग होत राहते. टँकमध्ये हात घालताना रबरी हातमोजे घालावेत. केस टोचलेच तर चोळू नये. चिकटपट्टी लावून हलकेच उपटावेत, आणि सूज वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

कोरल खाणारा खरा फायरवर्म दिसायला याचाच धटिंगण भाऊ वाटतो. त्याचे केस दाट पांढऱ्या झुबक्यांत असतात, झुबक्यांच्या बुडाशी लालसर कल्ले दिसतात आणि तो दिवसाढवळ्या कोरलवर चढून टोकापासून खाऊ लागतो. मात्र हा मुख्यतः अटलांटिक महासागर, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला प्राणी आहे. हिंद-प्रशांत महासागरातील मालावर चालणाऱ्या आपल्या बाजारात तो क्वचितच सापडेल. प्रत्येक ब्रिसलवर्मला फायरवर्म ठरवून मारत सुटण्याचे म्हणूनच कारण नाही.

ज्याची भीती रास्त आहे तो युनिस कुळातील कृमी. डोक्यावर पाच शुंडा, अंगावर इंद्रधनुषी चकाकी, केसांची झालर मात्र विरळ आणि आखूड. खडकातील नळीसारख्या बिळात शरीर ठेवून तो फक्त डोके बाहेर काढतो, आणि चाहूल लागताच इतक्या झपाट्याने आत जातो की पाहणाऱ्याला भास झाल्यासारखे वाटते. या कुळातील बॉबिट वर्म तीन मीटरपर्यंत वाढू शकतो. इंग्लंडमधील न्यूक्वे येथील ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये कोरल तुटलेले आणि मासे जखमी झालेले आढळू लागले, तेव्हा २००९ मध्ये कर्मचाऱ्यांनी अखेर सारी मांडणी खडकाखडकाने सुटी केली. आत सुमारे चार फूट लांबीचा कृमी निघाला. व्यावसायिक मत्स्यालयातही तो इतका काळ लपून राहू शकला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सगळेच युनिस असे राक्षस नसतात, बरेचसे शेवाळ आणि उरलेसुरले खाऊन जगतात, परंतु करंगळीपेक्षा जाड झालेला युनिस टँकमध्ये ठेवू नये.

बाकीच्यांचा निकाल लवकर लावता येतो. वाळूवर शेवयांसारखे लांब धागे पसरणारा स्पॅगेटी वर्म, पिसांचा पंखा उघडणारा फेदर डस्टर, काचेवर आणि पंपावर दिसणारी पांढरी, गोल वळलेली टाचणीच्या डोक्याएवढी नळी, खडकातून सोंडेसारखे तोंड काढणारा पीनट वर्म, ही सगळी मंडळी निरुपद्रवी आहेत. कडक नळीतून चिकट जाळे सोडणारा व्हर्मेटिड हा कृमी नसून गोगलगाय आहे. त्याच्या नळीचे तोंड रीफ ग्लूच्या थेंबाने बुजवले की काम होते. काचेवर झटके देत पळणारे पांढरे ठिपके तर कृमी नसून कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले सूक्ष्म जीव, असतात, आणि ते दिसले तर आनंद मानावा.

आता फ्लॅटवर्म. मुंबईतील सॉफ्ट कोरलच्या टँकना खरा उपद्रव होतो तो यांचाच, म्हणून येथे थोडे थांबू.

पहिला प्रकार लाल-तपकिरी फ्लॅटवर्मचा. लांबी काही मिलिमीटर, शरीर कागदासारखे चपटे, आणि मागच्या टोकाला तीन लहान पाकळ्या. भिंग घेऊन पाहिल्यास त्या तीन पाकळ्या स्पष्ट दिसतात आणि ओळख तेथेच पक्की होते. शास्त्रज्ञ याला कन्व्होल्युट्रिलोबा म्हणतात आणि खऱ्या चपट्या कृमींच्या वर्गातून त्याला आता वेगळेही काढतात, पण छंदातील लोकांच्या तोंडी तो फ्लॅटवर्मच आहे. याच्या शरीरात शेवाळपेशी राहतात, त्यामुळे त्याला कोरलसारखाच प्रकाश हवा असतो. पाण्याचा प्रवाह मंद आणि उजेड भरपूर अशा जागी, म्हणजे वाळूच्या कोपऱ्यात किंवा समोरच्या काचेच्या तळाशी, तो गंज चढल्यासारखा थर करतो. तो अंगातून नवा जीव फोडून वाढतो, त्यामुळे एकाचे शंभर व्हायला जोडीदार लागत नाही. तो कोरल खात नाही, पण कोरलवर बसून प्रकाश अडवतो आणि कोपेपॉडवर ताव मारतो. त्याचा दुसरा आणि गंभीर दोष असा, की मरताना तो विष सोडतो.

दुसरा प्रकार वामिनोआचा: मशरूम आणि लेदर कोरलच्या अंगावर चिकटलेले गोल, तपकिरी ठिपके. दुरून ते कोरलचेच डाग वाटतात. ड्रॉपरने पाण्याचा झोत मारला की डागाची कड उचलली जाते आणि उलगडा होतो. तिसरा प्रकार पॉलिक्लॅडचा. हा एकटादुकटा असतो, पानासारखा पातळ, कधीकधी रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा; तो शिंपले आणि गोगलगायी खातो. टँकमधील गोगलगायींची कवचे एकेक करून रिकामी होऊ लागली, की रात्री टॉर्च घेऊन याचा शोध घ्यावा. अ‍ॅक्रोपोरा नावाच्या कठीण प्रवाळावर जगणारा आणखी एक कुप्रसिद्ध फ्लॅटवर्म आहे, परंतु ते प्रवाळच आपण ठेवायचे नसल्याने त्याची चर्चा येथे आवश्यक नाही.

दारातच अडवणे

नवे कोरल घरी आणल्यावर ते पिशवीतून थेट टँकमध्ये सोडू नये. त्यासाठी दोन लिटरचे तीन प्लास्टिकचे डबे पुरतात, आणि तिन्हीत टँकचेच पाणी घ्यावे. पहिल्या डब्यात कोरल डिप (कोरल बुडवून कृमी सोडवण्याचे तयार द्रावण) बाटलीवरील प्रमाणात मिसळावे आणि त्यात कोरल पाच ते दहा मिनिटे, किंवा बाटलीवर सांगितले असेल तेवढा वेळ, ठेवावे. या वेळात ड्रॉपरने कोरलच्या बुंध्यावर, घड्यांत आणि खालच्या प्लगवर (कोरल चिकटवलेल्या लहान बैठकीवर) पाण्याचे झोत मारत राहावे. डिपने कृमी बधिर होतात, पण झोत मारल्याशिवाय सुटत नाहीत. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यात खळबळून घ्यावे. पहिल्या डब्याचे पाणी पांढऱ्या ताटलीत ओतून पाहावे. त्यात काय निघाले हे पाहिल्यावर डिप करण्याचा कंटाळा पुन्हा येत नाही.

डिपने अंडी मरत नाहीत. म्हणून शक्य असेल तर कोरल ज्या प्लगवर चिकटवलेले आहे तो प्लग तोडून फेकून द्यावा, नवा लावावा, आणि आठवड्याच्या अंतराने डिप आणखी दोन-तीन वेळा करावे. तेवढे दिवस कोरल वेगळ्या लहान टँकमध्ये राहिले तर उत्तम. एक फुटाचा टँक, लहान वेव्हमेकर (पाणी खेळते ठेवणारा पंप) आणि साधा दिवा एवढ्यावर ते भागते. झीनिया नाजूक असल्यामुळे तिच्यासाठी डिपचे प्रमाण आणि वेळ दोन्ही कमी ठेवावेत.

झोअँथिड हाताळताना एक इशारा वेगळा द्यावा लागेल. त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. हातमोजे आणि चष्मा लावूनच त्यांना कापावे किंवा घासावे, आणि झोअँथिड असलेला खडक किडे मारण्यासाठी कधीही उकळू नये किंवा त्यावर उकळते पाणी ओतू नये. त्या वाफेने घरातील माणसे रुग्णालयात पोहोचू शकतात.

खाद्याचा हिशेब

ब्रिसलवर्म फार झाले, ही तक्रार बहुधा खाद्य फार झाले याची असते. कृमी उरलेल्या अन्नावर वाढतात आणि अन्न आटले की कमी होतात. दिवसातून एकदा, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. फ्रोझन खाद्य वितळवून गाळणीत धुऊन घ्यावे आणि त्याचे पाणी टँकमध्ये ओतू नये. बाजारातील कोळंबी किंवा तिसऱ्या बारीक चिरून देणाऱ्यांनी तर हा नियम विशेष पाळावा, कारण चिरलेल्या मांसाचा रस खडकात उतरतो आणि कृमींची पंगत रात्री बसते. महिनाभर हे काटेकोर पाळले तर बहुतेक टँकमध्ये पुढचे काही करावे लागत नाही.

हाताने काढणे

तरीही ब्रिसलवर्म जास्तच वाटत असतील तर सापळा लावावा. लहान प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला पेन्सिल जाईल एवढी दोन भोके पाडावीत, आत कोळंबीचा तुकडा आणि बुडायला दोन खडे ठेवावेत, आणि दिवे बंद झाल्यावर ती खडकाला टेकवून आडवी ठेवावी. दीड-दोन तासांनी बाटली उचलावी; सकाळपर्यंत ठेवल्यास खाऊन तृप्त झालेले कृमी निघून जातात. पाच-सहा रात्रींत लक्षणीय फरक पडतो. सगळे काढण्याच्या मागे लागू नये, कारण सफाई कामगार संपावर गेल्यावर मुंबईचे काय होते ते आपण पाहिलेले आहे.

युनिससाठी सापळा सहसा चालत नाही. त्याचे बीळ ज्या खडकात आहे तो खडक रात्री ओळखून ठेवावा, दुसऱ्या दिवशी टँकबाहेर खाऱ्या पाण्याच्या बादलीत काढावा, आणि भोकात सिरिंजने साधे सोडावॉटर सोडावे. कार्बन डायऑक्साइडने गुदमरून तो बाहेर पडतो, तेव्हा लांब चिमट्याने धरावा. ओढताना तुटू देऊ नये, कारण आत राहिलेला तुकडा जगण्याची शक्यता असते. नंतर खडक ताज्या खाऱ्या पाण्याने धुऊनच परत ठेवावा.

लाल फ्लॅटवर्मसाठी एअरलाइनची बारीक नळी हेच पहिले शस्त्र आहे. नळीच्या टोकाला चार इंच कडक प्लास्टिक नळी बसवली तर नेम चांगला लागतो. दुसरे टोक बारीक जाळीच्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडावे, म्हणजे कृमी सॉकमध्ये अडकतात आणि पाणी बादलीत गाळून निघते. दुपारी, दिवे पूर्ण तेजात असताना, ते काचेवर आणि वाळूवर जमतात. तीच वेळ निवडावी. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे, असे तीन आठवडे केले तर दोन गोष्टी साधतात. लहान प्रादुर्भाव तेवढ्यानेच आटोक्यात येतो, आणि मोठा असल्यास औषधाच्या दिवशी मरणाऱ्या कृमींची, पर्यायाने विषाची, मात्रा कमी होते.

औषधाचा दिवस

ही दुसरी गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या टँकमध्ये नळीने काढण्याचा कंटाळा करून एका रविवारी दुपारी मी सरळ औषध टाकले. वीस मिनिटांत खडकांवरून तपकिरी भुकटी झडावी तसे कृमी सुटू लागले, पाण्याला पिवळट झाक आली, क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले आणि क्लीनर कोळंबी आडवी पडली. पाण्यातील विष शोषणारा कार्बन (सक्रिय कोळसा) होता तो चार महिन्यांचा जुना. पाणी बदलायला मीठ नव्हते, ते आणायला स्टेशनवर गेलो तर मेगाब्लॉक. परत येईपर्यंत कोळंबी आणि एक गोबी गेले होते. औषधात दोष नव्हता, तयारी नव्हती.

म्हणून तयारीची यादी औषधाआधी पूर्ण करावी. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी २०० ते २१० लिटर धरावे. औषधाचा डोस या प्रत्यक्ष पाण्यावर काढायचा असतो, काचेच्या मापावर नव्हे. किमान ५० लिटर, शक्य तर ८० लिटर खारे पाणी आदल्या दिवशीच तयार ठेवावे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून आरओ-डीआय (क्षार आणि अशुद्धी काढून टाकलेले) पाणीच वापरावे. लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मरीन सॉल्ट लागते, म्हणजे ५० लिटरला पावणेदोन ते दोन किलोच्या आसपास. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजण्याच्या उपकरणाने) मोजून टँकइतकीच आणावी. नवा कार्बन धुऊन तयार ठेवावा. एअरस्टोन लावावा, आणि एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात हे काम करायचे असेल तर चिलर चालू ठेवून पाणी २६-२७ अंशांवर आणावे, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमक्या त्या दिवशी माशांना तो जास्त हवा असतो.

प्रत्यक्ष कृती अशी. सकाळी नळीने जितके कृमी काढता येतील तितके काढावेत. एका कपात टँकचे पाणी आणि आठ-दहा कृमी घेऊन औषध चालते का ते पाहावे. मग कार्बन काढून घ्यावा आणि फ्लॅटवर्मसाठीचे औषध बाटलीवरील प्रमाणात, प्रवाहाच्या जागी, सावकाश सोडावे. टँकसमोरून उठू नये. कृमी सुटू लागताच नळी हातात घ्यावी आणि तरंगणारे प्रत्येक शरीर ओढून काढत राहावे. हे काम अर्धा-पाऊण तास न थांबता करावे लागते. बाटलीवर सांगितलेला वेळ संपताच, किंवा माशांचा श्वास वाढलेला दिसताच त्याआधीही, पाणी बदलून नवा कार्बन चालू करावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा २० टक्के पाणी बदलावे. काही कृमी वाचलेले असतातच, त्यामुळे आठवड्याने तीच कृती पुन्हा करावी. या वेळी मरणारे थोडे असल्याने ताणही थोडा असतो.

वामिनोआ मात्र टँकमध्ये औषध टाकून सहसा जात नाही. त्यासाठी कोरल बाहेर काढून वर सांगितल्याप्रमाणे वारंवार डिप करणे हाच मार्ग आहे.

आता मासा

कृमी खाणारे बहुतेक उपयुक्त मासे रास कुळातील आहेत. (इंग्रजी उच्चाराची ही रास, राशिभविष्याशी संबंध नाही, तरी पत्रिका पाहूनच आणावी.) सॉफ्ट कोरलच्या टँकसाठी माझी पहिली निवड पिवळा रास, ज्याला दुकानात यलो कोरिस किंवा कॅनरी रास म्हणतात. तो सुमारे १२ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, दिवसभर खडक निरखत फिरतो, फ्लॅटवर्म, लहान ब्रिसलवर्म आणि शिंपल्यांवरील परजीवी गोगलगायी टिपतो, आणि कोरलला त्रास देत नाही. त्याच्या दोन अटी आहेत. रात्री तो वाळूत शिरून झोपतो, म्हणून किमान पाच सेंटिमीटर बारीक वाळू हवी. नुसत्या काचेच्या तळावर तो टिकत नाही. आणि तो उडी मारतो, म्हणून टँकवर जाळीचे झाकण हवे. फेदर डस्टर आणि फार लहान कोळंब्या तो खाऊ शकतो, हे मान्य करूनच त्याला आणावे.

मेलॅनुरस रास त्याचाच चुलतभाऊ, किंचित अधिक तिखट आणि कृमी शोधण्यात अधिक चिकाटीचा. सिक्सलाइन रास आकाराने लहान, स्वस्त आणि मेहनती, पण स्वभावाने चाळीतल्या त्या काकांसारखा, जे गॅलरीत कुणाला उभे राहू देत नाहीत. लहान टँकमध्ये तो फायरफिश, लहान गोबी आणि नंतर आलेल्या प्रत्येक राससदृश माशाला हैराण करतो. आणायचाच असेल तर सर्वांत शेवटी, आणि दुसरा रास नसलेल्या टँकमध्येच आणावा.

मून रास दुकानात सहज मिळतो, दिसायला देखणा असतो आणि विक्रेता ‘हा सगळे किडे खातो’ असे सांगतो ते खरेच आहे. तो कोळंब्या, खेकडे आणि लहान मासेही खातो, आणि पाऊण फुटाहून मोठा होतो. ट्रिगर आणि पफर या माशांची गोष्ट त्याहून सोपी आहे: टँकमधील कृमी संपतील, कारण टँकमधील सर्वच संपेल. कॉपरबँड बटरफ्लाय हा मासा ट्यूबवर्म आणि एप्टेशिया (टँकमध्ये माजणारे लहान उपद्रवी समुद्रफूल) खातो म्हणून लोक भुलतात, परंतु बरेचसे कॉपरबँड दुकानात काहीच न खाता उपाशी मरतात. दुकानदाराने समोर खाऊ घालून दाखवल्याशिवाय घेऊ नये, आणि चार फुटांपेक्षा लहान टँकमध्ये तर मुळीच नाही. मँडरिन हा कृमींसाठी आणण्याचा मासा नव्हे. तो कोपेपॉडवर जगतो, आणि ज्या टँकमध्ये लाल फ्लॅटवर्मनी कोपेपॉड संपवले आहेत तेथे त्याला आणणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे.

निळ्या मखमली रंगाचा चेलिडोनुरा नावाचा समुद्री स्लग (बिनकवचाची गोगलगाय) केवळ लाल फ्लॅटवर्मसारखेच कृमी खातो. तो उत्तम काम करतो आणि काम संपले की उपाशी मरतो. शिवाय वेव्हमेकरच्या जाळीत ओढला जातो. अ‍ॅरो क्रॅब आणि बँडेड कोरल श्रिंप ब्रिसलवर्म खातात, मात्र मोठे झाल्यावर झोपलेल्या लहान माशांवरही हात टाकतात.

जुळणी करताना मी तीन प्रश्न विचारतो: हा मासा पूर्ण वाढल्यावर किती मोठा होईल, तो कुठे झोपेल, आणि त्याच्या तोंडात काय मावेल. वर सांगितलेल्या चार फुटी टँकमध्ये ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश, एक वॉचमन गोबी, एक क्लीनर कोळंबी आणि शेवटी एक पिवळा रास, एवढे कुटुंब सुखाने नांदते. क्लाउनफिश घेताना हॅचरीत वाढवलेले मागावेत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र भारतात विकसित केलेले आहे, आणि असे मासे घरी आणल्यावर कृत्रिम खाद्य सहसा लगेच खातात. भिडस्त मासे आधी आणि दांडगे नंतर, हा सोडण्याचा क्रम. निळे डॅमसेल स्वस्त मिळतात म्हणून सुरुवातीलाच आणले तर पुढच्या प्रत्येक माशाला ते दारातच अडवतात.

क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत किंवा कुठल्याही दुकानात मासा पाहताना पाच मिनिटे नुसते उभे राहावे. पोट आत गेलेले नसावे, डोळे स्वच्छ असावेत, श्वास सावकाश चाललेला असावा, आणि खाद्य टाकल्यावर त्याने ते खाल्ले पाहिजे. आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवावा. रास असेल तर तेथेही वाळूचा एक डबा ठेवावा. तांब्याचे औषध दिलेल्या टँकमधील पाणी, वाळू किंवा जाळे रीफ टँकमध्ये कधीही येऊ देऊ नये, कारण कोळंब्या आणि कोरल तांबे सहन करू शकत नाहीत.

पिवळा रास रीफ टँकमध्ये सोडला की अनेकदा क्षणात वाळूत शिरतो आणि दोन-तीन दिवस दिसत नाही. या काळात वाळू उकरू नये, खडक हलवू नये, मेला असे समजून दुकानदाराशी भांडायलाही जाऊ नये. लांबच्या प्रवासानंतर त्याचे दिवस-रात्रीचे घड्याळ टँकच्या दिव्यांशी जुळायला वेळ लागतो. मग एका सकाळी, दिवे लागून थोडा वेळ झाल्यावर, समोरच्या काचेजवळची वाळू किंचित हलते, पिवळे नाक आणि मग एकच डोळा वर येतो, आणि तो डोळा बराच वेळ इकडेतिकडे फिरत राहतो. त्या वेळी टँकपासून दोन पावले मागे सरावे आणि धुतलेल्या मायसिस श्रिंपचे चार दाणे प्रवाहात सोडावेत.